करंजाखाली बसलेली सावली

एकदा काय झालं, एका बाईची सावली चालता चालता वाटेतच बसली. हसू नका. खरंच बसली, चांगले पाय पसरून. आता ती का बसली ते सांगते, पण आधी पांघरुणं नीट घ्या बघू. मुक्ते, तुझे पाय बाहेर राहिलेत. हां, आता ऐका.

डोंगराच्या पायथ्याला खडकवाडी नावाचं एक गाव होतं. जिकडं बघावं तिकडं काळा दगड. त्या गावात भिवरा नावाची बाई राहायची. ती जात्यांना टाकी लावायची. तुम्हाला काय माहीत असणार म्हणा टाकी. जातं दळून दळून गुळगुळीत होतं. मग त्यात दाणा भरडला जात नाही, नुसता घरंगळतो. मग छिन्नीनं आणि हातोडीनं दगडाला बारीक बारीक टाके घालून तो परत खरखरीत करावा लागतो. त्याला म्हणायचं टाकी लावणं. भिवराचा हात त्यात फार चांगला. तिनं टाकी लावलेल्या जात्यातलं पीठ कसं, तर चिमटीत धरलं तर बोटाला कळू नये इतकं मऊ.

तिचा नवरा होता राणू. दोघं मिळून गावोगाव हिंडायची. तो दगड फोडून नवी जाती घडवायचा, ही टाके घालायची. दगडाची कपची भिवराच्या डोळ्यांत उडाली, की राणू हातातलं टाकून यायचा, तिची पापणी हलकेच वर करायचा आणि फुंकर मारायचा. आणि मग म्हणायचा, "गेली बघ." गेलेली नसली तरी म्हणायचा.

मग एका पावसाळ्यात राणूला ताप आला आणि त्या तापातच तो गेला. गेला म्हणजे देवाघरी गेला, नामू. हो.

तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी भिवरानं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि कामाला निघाली. घरात साळू होती ना, तिची लेक, चार वर्षांची. तिच्या पोटाला घालायला हवं. कामाला बसल्यावर भिवराच्या एक गोष्ट ध्यानात आली. हात चालू असला, की मन गप्प राहतं. छिन्नीचा टकटक आवाज सुरू असला, की दुसरं काही ऐकू येत नाही. आणि हात थांबला रे थांबला, की राणू समोर येऊन उभा राहतो आणि छातीत कळ येते.

मग काय केलं तिनं? हात थांबवायचाच सोडून दिला.

चालता चालता पाणी प्यायची. उभ्या उभ्या भाकरी खायची. घरी आली की अंगण झाडायची, झाडलेलं परत झाडायची, छिन्नीला धार लावायची, धार असली तरी लावायची. शेजारी तानाआक्का नावाची म्हातारी होती. दिवसभर साळूला तीच सांभाळायची. ती म्हणायची, पोरी, घटकाभर टेक की. भिवरा म्हणायची, टेकते हं, एवढं झालं की. पण एवढं झालं की तेवढं निघायचं. अशी दोन वर्षं गेली, बरं का. दोन वर्षांत ती बाई एकदासुद्धा टेकली नाही.

मग आला चैत्र. ऊन असं, की डोळे उघडवेनात. भिवरा भर दुपारी पलीकडच्या गावाला निघाली होती, चार जाती लावायची होती. वाटेत एक करंजाचं झाड होतं. करंजाची सावली कशी असते, गार आणि दाट. भिवरानं त्या झाडाकडं बघितलंसुद्धा नाही. पण झाड मागं पडलं आणि तिला एकदम हलकं हलकं वाटायला लागलं. डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसं. तिनं वळून बघितलं, तर करंजाखाली, झाडाच्या सावलीत, आणखी एक सावली बसलेली. झाडाच्या सावलीहून जरा जास्त काळी. पदर डोक्यावरून घेतलेला, खांद्याला पिशवी. भिवरानं आपल्या पायाशी बघितलं. पायाशी काही नाही, नुसता फुफाटा.

"का गं बसलीस?" भिवरानं विचारलं.

"दमले," सावली म्हणाली. तिचा आवाज भिवरासारखाच होता, फक्त जरा बसलेला. "तू हो पुढं."

भिवरा घाबरली का? नाही घाबरली. तिच्या डोक्यात ती चार जाती होती. ती म्हणाली, बस तर बस, आणि चालायला लागली.

आणि काय सांगू! तिचे पाय भुईला लागेनात. ऊन लागेना, तहान लागेना, पाठ दुखेना. चार जाती लावायची होती, तिनं नऊ लावली. बाया बघतच राहिल्या. संध्याकाळी ती गेली तशीच ताजीतवानी घरी आली. तिला वाटलं, हे बरं झालं. सावलीचा तरी काय उपयोग होता?

पण ऐका आता.

घरी आल्यावर तानाआक्कानं तिला गरम गरम पिठलं दिलं, वर लसणाची फोडणी. भिवरानं घास घेतला. मातीसारखा लागला. तिनं मीठ घेतलं, तरी तसाच. मिरची चावली, तरी तशीच. ती म्हणाली, आक्का, तिखट-मीठ विसरलीस का गं? आणि शेजारी साळू नुसती हाशहुश करत होती, नाकातून पाणी येईस्तोवर. भूकही नव्हतीच भिवराला. ताट सारलं आणि अंगण झाडायला गेली. हे झालं एक.

मग आठ दिवसांनी ती परत त्या पलीकडच्या गावाला गेली, तर गोदूबाई वाटेतच भेटली. गोदूबाई म्हणजे त्या गावातली मोठी कुणबीण, तोंडानं फटकळ पण मनानं चांगली. तिनं भिवराला घरात नेलं, जात्यावर बसवलं आणि म्हणाली, दळ. भिवरा दळायला लागली. पीठ पडत होतं, पण कसं? गार. जात्यातून निघालेलं पीठ कसं हाताला कोमट लागतं, हे गारच. भिवराच्या हाताला काही कळलं नाही, गोदूबाईनंच ते सांगितलं. या पिठाची भाकरी फुगत नाही, म्हणाली. आणि जात्यावर बसलं की आपोआप ओवी यायची तोंडात, माहेरची आठवण यायची, आता नुसती घरघर ऐकू येते. नऊच्या नऊ घरांत तसंच. तुझ्या हाताला काय झालंय भिवरे, असं तिनं विचारलं. रागानं नाही, काळजीनं.

भिवरानं टाके बघितले. टाके तर बरोबर होते. ती म्हणाली, मला काही झालेलं नाही. आणि पिशवी उचलून निघाली.

हे झालं दुसरं. आता तिसरं सांगते, ते जरा जवळ येऊन ऐका.

एक दिवस तानाआक्काला भाच्याकडं बारशाला जायचं होतं. मग भिवरानं साळूला बरोबर घेतलं. साळूला आता सातवं लागलं होतं. आईबरोबर कधीमधी निघाली, की तिची एक युक्ती असायची. ऊन झालं, की ती आईच्या सावलीत चालायची. आई वळली की ही वळायची. आईच्या सावलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा तिचा खेळच होता.

त्या दिवशी साळू आईच्या डाव्या बाजूला गेली, तिथं ऊन. उजव्या बाजूला गेली, तिथंही ऊन. मागं गेली, पुढं गेली. म्हणाली, आई, तुझी सावली कुठं गेली? भिवरा म्हणाली, चल बाई, उशीर होतोय. थोड्या वेळानं साळू म्हणाली, आई, डोकं तापलंय. भिवरा म्हणाली, आलंच आता गाव. आणि पुढं चालत राहिली. तिला स्वतःला ऊन लागत नव्हतं ना. दुसऱ्याचं ऊन कसं कळणार?

मग मागून काही बोलणंच येईना. भिवरानं वळून बघितलं. साळू वाटेत पडली होती.

भिवरानं धावत जाऊन तिला उचललं. कपाळाला हात लावला. आणि तिचा हात तिथंच राहिला. तिला काही कळेना. कपाळ गरम आहे का गार? हात फिरवला, गालाला गाल लावला, तिचे तळपाय मुठीत धरून बघितले. दगडाला हात लावावा, तसं. ज्या बाईनं राणूचा ताप दिवसरात्र हातानं मोजला होता, तिला आपल्या लेकीचा ताप कळेना.

ती साळूला उराशी धरून तशीच पळत खडकवाडीला आली. तानाआक्का नुकतीच बारशाहून परतली होती, हातातलं खोबरंही खाली ठेवलं नव्हतं. भिवरानं साळूला तिच्यापुढं केलं.

"आक्का, हिला हात लाव. हिला ताप आहे का गं?"

"अगं, भाजतीय पोर," तानाआक्का म्हणाली. "तुला कळत नाही?"

"नाही कळत," भिवरा म्हणाली. "मला काहीच कळत नाही."

तानाआक्कानं साळूच्या तळपायांना कांद्याचा रस चोळला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, चमच्या-चमच्यानं ताकाची निवळी पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी साळूनं डोळे उघडले. घोट घोट पाणी प्यायला लागली. पण अंग तापलेलंच. भिवरा बाजूला उभी होती. तिला रडू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणीच येत नव्हतं. मग तिनं आक्काला सगळं सांगितलं, करंजाचं, सावलीचं, हलकं वाटल्याचं, सगळं. म्हातारी हसली नाही. तिनं फडकं पिळलं, परत कपाळावर ठेवलं आणि म्हणाली, "मग जा आणि घेऊन ये तिला. पोरीजवळ मी आहे. पण हिला आई लागेल, आणि ती सगळीच्या सगळी लागेल."

मग भिवरा निघाली. त्या दिवशी पिशवी घ्यायचीही तिला आठवण राहिली नाही.

करंजाखाली सावली तशीच बसली होती. भिवरा दुरूनच म्हणाली, चल ऊठ, झालं तेवढं बसणं पुरे. सावलीनं मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. उठली नाही.

मग भिवरानं तिला उचलायचं ठरवलं. जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, एकटीनं उचलणारी बाई ती, एक सावली काय जड? तिनं दोन्ही हात खाली घातले, पाय रोवले आणि जोर केला. सावली तसूभर हलली नाही. परत जोर केला. नाही. डोंगराचा खडक हलेल, पण ही हलणार नाही.

"काय भरलंय तुझ्यात एवढं?" भिवरानं विचारलं.

सावली म्हणाली, "तुझाच शीण. दोन वर्षांचा."

मग भिवरा तिच्यासमोर उकिडवी झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझी लेक आजारी आहे. तिच्या कपाळाला हात लावला तरी मला कळत नाही. तू चल ना माझ्याबरोबर. काय करू मी, म्हणजे तू उठशील?"

"टेक माझ्याशेजारी," सावली म्हणाली.

"वेळ नाही गं मला."

"मग मी उठू कशी? सावली कधी आपल्या मनानं उठते का? तू टेकशील तेव्हा मी टेकणार, तू उठशील तेव्हा मी उठणार. तू जितके घाव घातलेस, तितके मीही घातले. तू कामाला बसलीस, तशी मीही बसले. पण टेकली नाहीस कधी. मग मला एकटीलाच बसावं लागलं."

करंजाची पानं हलत होती. भिवरानं वर त्या पानांकडं बघितलं आणि म्हणाली, "मी टेकले की तो येतो."

"येऊ दे की," सावली म्हणाली. "त्यालाही कितीदा परत पाठवशील?"

मग भिवरा टेकली. खोडाला पाठ लावली, पाय पसरले. आधी तिला जमेचना. हात आपले चाललेले. खडे गोळा करत होती, काडीनं माती उकरत होती. मग हातही हळूहळू मांडीवर आले. आणि हात थांबले, तसा राणू आला. म्हणजे खरा नाही रे नामू, आठवणीतला. तापातला राणू आला आधी, त्याचा सुकलेला चेहरा. भिवराच्या छातीत कळ आली. ती उठायला बघत होती, पण सावलीनं तिचा पदर धरून ठेवला होता. मग त्याच्या मागून दुसरा राणू आला, घामेजलेला, डोक्याला फडकं बांधलेला. मग आणखी एक आला, कपचीवर फुंकर मारणारा. "गेली बघ" म्हणणारा.

आणि भिवराच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षांचं पाणी होतं ते. गालांवरून, हनुवटीवरून, पदरावर. ती रडली आणि रडता रडता एकदा हसलीसुद्धा, कारण राणू जातं घडवताना एकदा आपल्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेऊन बैलाला शिव्या देत बसला होता, ते तिला आठवलं. बैलाचा काय संबंध? असं सगळं. मग तिला जांभई आली. मग तिचं डोकं खोडाला टेकलं. आणि भर दुपारी, उघड्या वाटेवर, भिवरा गाढ झोपली.

किती वेळ झोपली कोण जाणे. जाग आली तेव्हा ऊन कलतं झालेलं. पहिल्यांदा तिला काय कळलं असेल? पाठ दुखत होती. मनगटं ठणकत होती. घसा कोरडा पडला होता आणि पोटात अशी भूक लागली होती, की विचारू नका. अंगभर दुखत होतं, आणि भिवराला इतका आनंद झाला, की ती आपलं दुखरं मनगट धरून बसून राहिली. मग उठली. पायाशी सावली होती, लांबच लांब, पार वाटेच्या पलीकडं गेलेली. भिवरानं एक पाऊल टाकलं. सावलीनंही टाकलं.

मग मात्र ती पळत सुटली. तळपायांना फुफाटा पोळत होता. ती नुसतं म्हणत होती, पोळू दे, पोळू दे.

घरात शिरली. साळू गोधडीवर पडली होती. तानाआक्का शेजारी बसली होती. ताप आहे का उतरला, काही सांगितलं नाही. हातानं नुसतं खुणावलं, ये. भिवरानं गुडघे टेकले आणि लेकीच्या कपाळावर हात ठेवला.

ओलं होतं कपाळ. घामानं ओलं आणि गार. केस चिकटले होते. कानाच्या पाळीमागं तेवढी थोडी ऊब होती, लेकराला झोपेत असते तशी.

"उतरलाय," भिवरा म्हणाली. "आक्का, ताप उतरलाय हिचा."

साळूनं डोळे उघडले. आईकडं बघितलं. म्हणाली, "आई, तुझा हात गरम आहे."

आणि ती कूस बदलून परत झोपली.

मग काय झालं? मग भिवरा जेवली. चांगली खाली बसून, मांडी घालून जेवली. तानाआक्काचं शिळं पिठलं होतं, ते तिनं पातेलं पुसून खाल्लं. चार दिवस घरीच राहिली. साळूच्या केसांना तेल लावलं, तिला बापाच्या गोष्टी सांगितल्या. बैलाला दिलेल्या शिव्या सोडून बाकी सगळ्या.

मग पलीकडच्या गावी गेली आणि गोदूबाईला म्हणाली, माझं चुकलं, ही नऊ जाती मी परत लावून देते. परत लावली, पण एका दिवसात नाही. रोज दोन, फार तर तीन. दुपार झाली, की करंजाखाली यायची, भाकरी सोडायची, पाठ टेकायची. राणूची आठवण यायची, कधी रडू यायचं, कधी यायचं नाही. कळ काही एकदम गेली नाही बरं का. पण हळूहळू ती कळ तिच्या शेजारी बसायला शिकली. आणि गोदूबाईच्या भाकऱ्या टम्म फुगायला लागल्या, जात्यावर ओव्या परत आल्या, त्यातली एक ओवी तर भिवराच्याच नावाची होती.

पुढं साळू मोठी झाली, छिन्नी धरायला शिकली. भिवरानं तिला टाके घालायला शिकवलं. पण त्याच्याही आधी छिन्नी खाली ठेवायला शिकवलं. मग दोघींनी मिळून एक मोठा काळा दगड घडवला. जातं नाही, पाटा नाही, वरवंटा नाही. नुसता बसायला. तो त्यांनी करंजाखाली मांडला. चांगला लांबरुंद, त्याच्यावर तिघं-चौघं सहज बसतील एवढा. तिथून जाणारायेणारा माणूस घटकाभर त्याच्यावर टेकायचा. ओझं उतरवायचा, घाम पुसायचा, वाऱ्याकडं तोंड करायचा आणि मग वाटेला लागायचा.

अशी भिवरा सुखानं राहिली, साळू सुखानं राहिली, आणि तानाआक्का तर इतकी म्हातारी झाली, की तिला स्वतःचंच वय आठवेना.

झाली गोष्ट. आता मुक्ता दिवसभर पळाली, नामूनं पाण्याच्या सात कळश्या उगाच भरल्या आणि सांडल्या, आणि मी तुमच्या मागं मागं होते. सगळे दमलो. हात सैल सोडा. पाय सैल सोडा. उद्याचं काम उद्या उठून येईल, त्याला आता कुणी हाक मारू नका. निजा माझ्या राजांनो.